जोखीम मोजायला निघालेले आम्ही चौघं

सुरुवातीलाच माफी मागून घेतो. माझं शिक्षण नववीपर्यंत. ऱ्हस्व-दीर्घ माझ्याकडून नीट होत नाहीत आणि भारी शब्द मला येत नाहीत. हे लिखाण प्रवीणनं तपासून दिलं आहे, पण त्यानं बरोबर शब्दांवरही पेन फिरवला, म्हणून त्याच्या निम्म्याच दुरुस्त्या मी मानल्या. तेव्हा चुका सापडल्या तर निम्म्या माझ्या आणि निम्म्या त्याच्या!

लिहायचं कारण एवढंच की किस्से फार साचले. सर्वेच्या कामात असंच होतं. रकान्यात मावतं ते फॉर्मवर जातं आणि मावत नाही ते आपल्यासोबत घरी येतं. चहाला बसलो की कुणीतरी म्हणतं, "अबे, तो मारेगावचा सांग ना!" आणि तो नेमका माझ्याच फजितीचा असतो. म्हटलं, दुसऱ्यानं तिखटमीठ लावून सांगण्यापेक्षा आपणच लिहून टाकावं.

त्या साली पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, माणसाच्या डोक्यावर गेली होती आणि बोंडात गुलाबी अळी शिरली होती. लोक सारखे फवारत होते. पीक डोक्याच्या वर, म्हणजे नळीचं तोंड वर धरून फवारायचं. निम्मं औषध झाडावर, निम्मं आपल्या तोंडावर. फवारणाऱ्यांना दवाखान्यात न्यावं लागल्याच्या बातम्या यायला लागल्या, तेव्हा एका संस्थेनं सर्वे काढला. या औषधांची माणसाला आणि पाण्याला जोखीम किती, ते मोजायचं.

टीम चौघांची. डॉक्टर मॅडम यवतमाळच्या. त्यांच्या घरी तीन पिढ्या ऑफिसातल्या. त्या सगळ्यांना 'आपण' म्हणायच्या. रस्त्यात गाय आडवी आली तरी "आपण जरा बाजूला व्हा" म्हणतील असं वाटायचं. गजूभाऊ गाडी चालवायचे आणि पाण्याचे नमुने घ्यायचे. प्रवीण राठोड पुसदकडच्या बंजारा तांड्यावरचा, बीए झालेला. आणि मी, सुधाकर, फॉर्म भरणारा. माझं अक्षर चांगलं म्हणून मला घेतलं. मी तोंड उघडत नाही, हे त्यांना नंतर कळलं.

मी या कामात का शिरलो, तेही सांगतो. माझा मोठा भाऊ, मनोहरदादा. वडील गेल्यापासून घर त्याच्याच खांद्यावर, आणि पंपही. त्या साली पोळ्यानंतर दोन दिवसांनी तो फवारणी करून आला आणि दारात उभ्या असलेल्या स्वतःच्या पोरीला त्यानं ओळखलं नाही. डोळ्यांपुढे धुकं. "उन्हानं झालं," म्हणाला आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा पंप पाठीवर. मला त्याला थांबवायचं होतं. पण आमच्या घरात मोठ्या भावाला असं काही म्हणायची पद्धत नाही, आणि माझ्यात तर मुळीच हिंमत नाही. वाटलं, सर्वेत शिकून घेऊ, मग बोलू.

पुढचे दोन महिने मी गावोगाव अनोळखी माणसांना विचारत फिरलो. दादाला सोडून सगळ्यांना.

*

पहिली सभा नेरजवळच्या एका गावात होती. मॅडमनी शिकवलं होतं की धोका वेगळा आणि जोखीम वेगळी. डब्यात साप आहे, तो धोका. आपण डब्यात हात घालतो, ती जोखीम. किती विषारी आणि किती वेळा हात घातला, या दोन्हींचा गुणाकार करायचा. सोपं आहे. मी पाठ केलं. गाडीत गजूभाऊला तीनदा म्हणून दाखवलं.

समोर दीडशे माणसं बघून माझी जीभ टाळूला चिकटली. "समजा," मी म्हणालो, "समजा, मी साप आहे."

पुढचं आठवेना. डबाही आठवेना. मी पुन्हा म्हणालो, "मी साप आहे."

मग मागून एका म्हाताऱ्याचा आवाज आला, "काहून खोटं बोलतं बापू! साप असता तं एव्हाना फणा नसता काढला?"

त्या दिवसापासून टीममध्ये माझं नाव 'बिनफण्या' पडलं. मॅडमसुद्धा एकदा चुकून म्हणाल्या, "बिनफण्या, आपण पाणी घेणार का?"

*

दुसरा किस्सा फॉर्मचा. फॉर्मवर प्रश्न होता : 'फवारणीनंतर चक्कर, मळमळ, डोकेदुखी असा काही त्रास झाला का?' एका गावात दोन दिवसांत मी चाळीस फॉर्म भरले. चाळीसच्या चाळीस 'नाही'.

मॅडमनी गठ्ठा चाळला. "सुधाकर, हे भारतातलं सर्वांत निरोगी गाव दिसतंय. आपण विचारता की फक्त नाव लिहून घेता?"

मला रडायला आलं. तिसऱ्या दिवशी मी हापशीवर उभ्या असलेल्या एका मावशीला गाठलं. ती आणि तिचा नवरा, दोघंही दुसऱ्यांच्या वावरात फवारायला जात.

"मावशी, खरं सांगा. काही त्रास नाही होत?"

"नाई बाप्पा. तरास कायचा?"

"चक्कर?"

"चक्कर तं येतेच! त्याले का तरास म्हणते? चक्कर नाई आली तं समजावं, दुकानदारानं डुप्लिकेट औषध देल्लं!"

मी तिथंच फॉर्म खाली ठेवला. म्हणजे अख्खं गाव चक्कर आली की औषध अस्सल म्हणून खूश होत होतं, आणि मी त्यांच्या खुशीला त्रास म्हणत होतो.

मॅडमनी त्या दिवशी प्रश्न बदलला. नवा प्रश्न मी विचारायचा : "औषध कसं होतं? चांगलं होतं का?" आणि लोक खुलून सांगायला लागले. "एक नंबर! दोन ओकाऱ्या झाल्या!" "लय पॉवरचं, पाय लटपटले ना!" एकानं तर शेजाऱ्याला हाक मारली, "तुह्या औषधात दम नाई बे, तू तं पायी घरी आलता!"

त्या गावाचे चाळीस फॉर्म मी पुन्हा भरले. मॅडमनी गठ्ठा चाळला आणि पहिल्या पानापासून पुन्हा वाचायला घेतला.

*

प्रवीणच्या तांड्यावर आम्ही दिव्याचा प्रयोग केला. पंपात औषध नाही टाकायचं, साधं पाणी आणि एक पावडर टाकायची. ती उजेडात दिसत नाही. अंधाऱ्या खोलीत निळा दिवा धरला की अंगावर जिथं जिथं उडाली तिथं चमकते. औषध कुठं कुठं लागतं, ते माणसाला स्वतःच्या डोळ्यांनी दिसतं. मॅडमचं हे आवडतं हत्यार.

प्रवीणच्या काकांनी नेहमीसारखं उघड्या अंगानं फवारलं. मी मात्र आदर्श! टोपी, चष्मा, मास्क, हातमोजे, एप्रन, बूट. अर्धा तास फवारून आम्ही शाळेच्या खोलीत आलो. खिडक्यांना घोंगड्या लावलेल्या. आधी काकांवर दिवा पडला. पाय, पाठ, मान, सगळं चमकलं. बायका 'बापरे' म्हणाल्या. काका स्वतःचे हात उलटसुलट करून बघत राहिले.

मॅडम म्हणाल्या, "आता पूर्ण किट घातलेल्या माणसाला पाहू या." मी एप्रन, मास्क काढून छाती पुढे करून उभा राहिलो.

छाती साफ. हात साफ. दिवा वर आला, आणि माझे दोन्ही ओठ असे चमकले की जणू लिपस्टिक लावली!

झालं होतं असं, की मधे नोझल तुंबलं. लहानपणापासूनची सवय : मास्क खाली ओढला, नोझल तोंडात धरलं आणि फुंकर मारली. मला ते आठवतही नव्हतं. तांड्यावरची म्हातारी झुमकी याडी (याडी म्हणजे आई) त्यांच्या गोरबोलीत काहीतरी म्हणाली आणि सगळी खोली हसायला लागली. प्रवीणला विचारलं तर म्हणाला, "ती म्हणते, या नवरीले कोणत्या गावी द्याची?"

पण मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी दिवा आणखी जवळ आणला. माझ्या खालच्या ओठाच्या आत, गालाकडे, एक ठळक चमकणारा ठिपका होता. बरोबर चिमटीएवढा.

"सुधाकर," त्या म्हणाल्या, "आपण मला सांगितलं होतं की आपण तंबाखूचा खर्रा खात नाही."

*

संस्थेनं फवारणाऱ्यांना किट वाटल्यावर महिन्याभरानं ते वापरतात का, हे बघायला आम्ही त्याच गावांत गेलो. हातमोजे घालून एक काकू मिरच्या कुटत होत्या. चष्मे लावून पोरं मोटारसायकलवर फिरत होती. एका घरी एप्रन सोयाबीनच्या ढिगावर झाकण म्हणून टाकलेला. मी सगळं लिहून घेतलं.

शेवटी पोलीस पाटलांना विचारलं, "गावात टोपीपासून बुटापर्यंत पूर्ण किट रोज वापरणारं कुणी आहे का?"

"आहे ना! एक आहे."

मला इतका आनंद झाला की मी त्याचं नाव विचारायच्या आधीच रकान्यात '१' लिहिला. "कुठं भेटतील?"

"आत्ता वावरातच आहे. दिवसभर तिथंच राह्यते, लय इमानदार."

ते मला वावरात घेऊन गेले. टोपी, चष्मा, मास्क, एप्रन, हातमोजे, सगळं जागच्या जागी. हात आडवे पसरून उभं. डोक्यावर कावळा.

"फकस्त एकच आहे सायब," पाटील म्हणाले, "ते फवारत नाई."

*

आता तो मारेगावचा.

गावाचा नकाशा काढायचा आणि प्रत्येक विहीर, हातपंप यावर गोल कागद चिकटवायचा. पाणी खराब असेल तर लाल, बरं असेल तर हिरवा. गजूभाऊंनी नमुने तपासून आकडे दिले, कागद मी चिकटवले. नीट, एकही वाकडा नाही.

शाळेत सभा भरली. नकाशा टांगला. सरपंच उठून नकाशाजवळ गेले, बोट ठेवलं आणि वळून म्हणाले, "पाहा! मी कितीक दिवसांपासून सांगून राह्यलो! लोक उगाच बोंबलते. विहिरीवर पंप धुतले म्हणून का झालं? माह्या विहिरीचं पाणी हिरवं आहे, सर्वेच सांगते!" आणि त्या आनंदात त्यांनी त्याच विहिरीची कळशी मागवून सगळ्यांना पाणी दिलं. पहिला पेला मॅडमना.

मॅडम पेला हातात धरून नकाशाकडे बघत होत्या. ती विहीर सगळ्यांत खराब आली होती, हे त्यांना पाठ होतं. आणि देवळामागचा हातपंप, ज्याचं पाणी उत्तम, तो नकाशावर लाल!

गजूभाऊंनी मला बाहेर ओढलं. गळ्यातला दुपट्टा माझ्या नाकापुढे धरला. "हा रंग कोणता?"

मी बघितलं. "हिरवट... मातकट?"

"लाल आहे बे! लालभडक! माह्या लग्नातला आहे!"

अशा रीतीनं बाविसाव्या वर्षी मला कळलं की लाल आणि हिरवा हे रंग मला वेगळे दिसत नाहीत. जोखमीचा नकाशा काढायला संस्थेनं अख्ख्या जिल्ह्यातून नेमका मला निवडलं होतं! त्यानंतर माझ्या सगळ्या कागदांवर मॅडम पेननं रंगाचं नाव लिहून द्यायला लागल्या.

परत येताना गाडीत सगळे हसत होते, मीही हसत होतो. मग प्रवीणनं सहज विचारलं, "मंग औषधाच्या बाटलीवरचा तिकोन तुले कसा दिसते बे?" औषध किती विषारी, ते त्या तिकोनाच्या रंगावर असतं. लाल सगळ्यांत जहाल, हिरवा सगळ्यांत सौम्य.

दोन सालांपासून दादासाठी औषध मीच आणत होतो. दुकानात तिकोन बघून, हिरवाच निवडून. वरती खोपडीचं चित्रही असायचं, पण आमच्याकडे विजेच्या डीपीवरही खोपडी असते आणि तिच्या कुंपणावर आम्ही कपडे वाळत घालतो.

नेर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिलो.

*

शेवटचा किस्सा आमच्याच गावचा.

दिवाळीच्या तोंडावर आमच्या गावाची पाळी आली. घरं निवडायची पद्धत अशी : एक चिठ्ठी उचलायची, तो आकडा पहिल्या घराचा, मग दर दहावं घर. चिठ्ठी मीच उचलली. प्रवीणनं बोटावर घरं मोजली आणि माझ्याकडे बघितलं. "अबे, हे तं तुहंच घर."

मॅडम म्हणाल्या, "आपल्याला अवघड वाटत असेल तर प्रवीण जाईल."

"नाही, मी जातो," असं माझ्या तोंडून निघून गेलं. कसं निघालं, माहीत नाही.

दादा ओट्यावर पंपाचा वायसर बदलत बसला होता. मी गळ्यात ओळखपत्र अडकवलं, खाली बसलो, फॉर्म मांडीवर घेतला.

"नाव?"

"काय बे, माहं नाव माहीत नाई तुले?"

"फॉर्मवर विचारावं लागतं."

"लिही. मनोहर."

"वय?"

"तुह्याहून आठ सालानं मोठा. कर हिशेब."

"तुम्ही फवारणी करता का?"

दादाचा हात थांबला. "तुम्ही?" तो हसायला लागला. "अवं, आईक व! पोट्टा मले तुम्ही म्हणून राह्यला!"

वहिनी आतूनच हसली. मी मान खाली घालून पुढचा प्रश्न वाचला. "या हंगामात कधी डोळ्यांपुढे धूसर झालं का?"

"नाई."

"हो लिवा, भाऊजी," आतून आवाज आला.

"नाई म्हणतो ना मी!"

वहिनी पिठाच्या हातानं दारात आली. "दारातल्या आपल्या पोट्टीले विचारलं, 'कोणाची व तू?' रातभर रडली ते. हो लिवा!"

एका प्रश्नाला एकच खूण करायची असं मॅडमनी शिकवलं होतं. मी 'नाही'वरही केली आणि 'हो'वरही.

शेवटचा प्रश्न उरला. "औषध कसं आहे? चांगलं आहे का?"

दादाचा चेहरा उजळला. "एक नंबर! परवा दोन एकर झालं अन् वावराच्या धुऱ्यावर बसलो तं उठताच येईना! हात असे थरथर. तोंडातून लाळ थांबेना. अशी पॉवर..."

बोलता बोलता त्यानं वर बघितलं. वहिनी तशीच उभी होती. मी लिहीत होतो. दादानं वायसर हातातल्या हातात दोन-चारदा फिरवला.

दुपारी मॅडम त्यांची पेटी घेऊन आल्या. बोटाला सुई टोचून एक थेंब घ्यायचा. फवारणीच्या औषधानं रक्तातला एक घटक कमी होत जातो, तो किती उरला ते पेटी सांगते. फार कमी उरला तर पुढची फवारणी जिवावर बेतू शकते. दादानं बोट पुढे केलं. मॅडमनी आकडा दोनदा तपासला आणि कार्डावर माझ्यासाठी पेननं लिहिलं : लाल.

"मनोहरराव, आपण तीन आठवडे पंपाला हात लावायचा नाही. औषध कालवायचंसुद्धा नाही. आणि उद्याच दवाखान्यात जाऊन मोठी तपासणी करून घ्यायची. मी चिठ्ठी देते."

"बाई," दादा शांतपणे म्हणाला, "मी थांबतो. अळी तीन हप्ते थांबन का?"

या प्रश्नाला माझ्या फॉर्मवर रकानाच नव्हता.

नियम असा होता की ज्याचं कार्ड लाल, त्याच्या घरी सर्वेवाल्यानं रोज सकाळी जायचं, तो घरीच आहे हे बघायचं आणि त्याची सही घ्यायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठलो तेव्हा दादा अंगणात होता. पंप भरलेला, पट्टा एका खांद्यावर चढवलेला. दुसरा चढवत होता. मला म्हणायचं होतं, दादा, जाऊ नको. तोंडापर्यंत आलं आणि तिथंच राहिलं.

मी मागच्या दारानं गोठ्यातून बाहेर पडलो. शर्ट बदललेला नव्हता, त्यावरच ओळखपत्र अडकवलं, बॅग खांद्याला लावली, बोळीतून वळसा घालून रस्त्यावर आलो आणि आमच्याच घराच्या पुढच्या फाटकाची कडी वाजवली.

"कोण आहे?" दादाचा आवाज.

"सर्वेवाला."

मग वहिनीनं फाटक उघडलं. माझ्याकडे बघितलं, ओळखपत्राकडे बघितलं, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हणाली, "या. बसा, सायब." आणि पाहुण्यांसाठी ठेवलेली खुर्ची आणून अंगणाच्या मधोमध मांडली. त्या खुर्चीवर मी जन्मात कधी बसलो नव्हतो. बसलो.

दादा पंप पाठीवर घेऊन उभा होता. त्यानं मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं.

"रोज येणार का तुम्ही?" त्यानं विचारलं.

"एकवीस दिवस."

त्यानं पट्टा सैल केला. एक खांदा काढला, मग दुसरा. पंप खाली टेकवला आणि ओले हात पँटला पुसले.

"कुठं करू सही?"

मी कागदावर बोट ठेवून दाखवलं.